उस्ताद हवा, पण हातचे राखणारा नको

कोचिंग म्हटले की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात, फार तर क्रिकेटचे मैदान. परंतु मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत हा शब्द आता निराळ्या अर्थाने रुळला आहे. साहेबाने उठल्यासुटल्या हुकूम सोडू नयेत, हाताखालच्या माणसाला प्रश्न विचारावेत, त्याला त्याची चूक स्वतः शोधू द्यावी, असा त्याचा मथितार्थ. पंचतारांकित हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर घेऊन हे शिकविणारे तज्ज्ञ भरपूर फी घेतात. साहजिकच भिवंडी-मालेगावचा बारा-चोवीस मागांचा मालक समजतो की, हे सूट-बूटवाल्यांचे खूळ आहे, आपले त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

माझे मत असे आहे की, याची खरी गरज त्यालाच आहे. मात्र शिबिरात जे सांगितले जात नाही, ते त्याने आधी समजून घ्यायला हवे.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. टिमथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने 1974 साली एक पुस्तक लिहिले. खेळाडूला सतत सूचना दिल्या की तो बिघडतो, चेंडूकडे नीट पाहायला लावले की सुधारतो, हा त्याचा अनुभव. इंग्लंडचे जॉन व्हिटमोर पूर्वी मोटार शर्यतींत भाग घेत असत. त्यांनी 1992 साली हाच विचार पुस्तकरूपाने कारखाने व कचेऱ्यांपर्यंत नेला. काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, मार्ग कोणकोणते आहेत आणि त्यांपैकी तू काय करणार, हे चार प्रश्न त्यामुळे जगभर प्रसिद्ध झाले. आपल्या मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून लहानग्या सचिनला फलंदाजीला उभे करीत. बाद करील त्या गोलंदाजाला नाणे, नाबाद राहिला तर सचिनला. सर स्वतः बॅट हातात घेऊन मध्ये घुसत नसत. आपला शेठ मात्र दिवसातून दहा वेळा कारागिराच्या हातातून बॅट हिसकावून घेतो, आणि संध्याकाळी तक्रार करतो की माझ्याशिवाय येथे पान हलत नाही!

आता मागापाशी येऊ. ताण्याची तार वारंवार तुटते आहे. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर लक्ष ठेवणारा आपला उस्ताद, येतो, दोन शिव्या हासडतो, पाना फिरवितो आणि निघून जातो. तासाभराने पुन्हा तेच. दुसरा उस्ताद येतो आणि विचारतो, “बेटा, तार कोठे तुटते? एकाच जागी की कोठेही?” कारागीर म्हणतो, “उस्ताद, डावीकडे, त्याच जागी.” “मग त्या जागी काय असेल?” कारागीर वाकून पाहतो. फणीचा एक दात वाकलेला, तार तेथे घासून तुटते आहे. तारा जर कोठेही तुटत असत्या तर दोष फणीत नव्हे, सुतात किंवा सायझिंगमध्ये शोधावा लागला असता. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की खळ दिलेली तार ठिसूळ होते, हेही त्यात आले. या विचारपूशीला पाच मिनिटे लागली. परंतु पुढच्या वेळी त्या कारागिराला उस्तादाची वाट पाहावी लागणार नाही. रात्रपाळीत, शेठ झोपलेला असताना, या पाच मिनिटांची किंमत कळते.

इतके सोपे असताना हे घडत का नाही? मालक म्हणतात, “आपले कामगार अडाणी आहेत, त्यांना विचारून काय उपयोग?” हे मला साफ नामंजूर आहे. बारा तास त्याच मागासमोर उभा राहणारा माणूस त्या मागाचा आवाज बदललेला शेठच्या आधी ओळखतो. तो बोलत नाही, कारण बोलणे त्याला महाग पडते.

हिशेब पाहा. कारागिराला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडावर. तार तुटलेली राहून दोन हात कापड विणले गेले आणि ते त्याने स्वतः होऊन सांगितले, तर मजुरीत कपात. गप्प राहिला तर कदाचित निभावून जाईल. तो गप्प राहतो. दोष सापडतो घडी करताना, नाहीतर व्यापाऱ्याच्या पेढीवर, आणि मग सबंध ताग्याचा भाव पडतो. शिवाय उस्तादाने प्रश्न विचारायला माग थांबविला तर त्या वेळेची मजुरी कोणाची बुडते? कारागिराचीच. म्हणजे त्याला शिकविण्याचा खर्च आपण त्याच्याच खिशातून वसूल करतो, आणि वर म्हणतो की याला शिकण्याची आवड नाही.

उस्तादाचेही असेच आहे. आपल्या धंद्यांत, मग तो माग असो, गॅरेज असो, जरीकाम असो की बेकरीची भट्टी, उस्ताद-शागीर्दाची परंपरा जुनी आहे. काही मंडळी म्हणतात की कोचिंग म्हणजे तेच, त्यात नवे काय? हे अर्धेच खरे आहे. कित्येक उस्तादांनी जीव ओतून शिकविले. परंतु शागिर्दाला वर्षानुवर्षे चहा आणायला, पाने पुसायला लावून शेवटची किल्ली स्वतःजवळच ठेवणारे उस्तादही आपण पाहिले आहेत. त्यांना दोष देण्याआधी मालकाने आरशात पाहावे. शागीर्द तयार झाला की जास्त पगाराच्या उस्तादाला नारळ द्यायचा आणि निम्म्या पगारात शागिर्दाला उभे करायचे, हे ज्या कारखान्यात एकदा घडले तेथे कोणता शहाणा माणूस आपले कसब दुसऱ्याच्या हाती देईल?

माझ्या परिचयाच्या एका मालकाने शिबिर वगैरे काही केले नाही, तीन गोष्टी बदलल्या. कारागिराने स्वतः होऊन सांगितलेल्या दोषाची कपात बंद केली. लपविलेल्या दोषाची चालू ठेवली. शिकविण्यासाठी माग थांबला तर त्या वेळेची मजुरी सरासरीने धरली. आणि जॉबरने तयार केलेला माणूस सहा महिने टिकला की जॉबरला ठरावीक रक्कम देऊ लागला. पहिल्या महिन्यात दोष एकदम वाढलेले दिसले, तेव्हा त्याचे धाकटे बंधू म्हणाले, “भाईजान, तुम्ही यांना डोक्यावर बसविले.” वस्तुतः दोष वाढले नव्हते, ते आधीपासून होते, आता कळू लागले होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेलाही ही अडचण आली होती. अनुभवी कारागीर लढाईवर, कारखान्यांत सगळी नवखी माणसे. 1940 ते 1945 या काळात सरकारने लाखो मुकादम-फोरमनना शिकवावे कसे याचे प्रशिक्षण दिले. आधी माणसाचा संकोच घालवा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून पाहत राहा, अशी ती पद्धत. कामगाराला येत नसेल तर शिकविणारा कमी पडला, असे त्यात गृहीत धरले होते. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली आणि टोयोटासारख्या कंपनीने ती घट्ट धरून ठेवली.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल की नवख्या माणसाला प्रश्न विचारीत बसणे हा शुद्ध छळ आहे. ज्याला गाठ मारता येत नाही त्याला “तुला काय वाटते?” असे विचारून काय मिळणार? त्याला आधी दाखवावेच लागते, प्रश्न त्यानंतरचे. तसेच धोटा उडत असेल, विजेची वायर उघडी पडली असेल तर तेथे एकच शब्द: बंद कर. चोरी-लबाडीलाही हा उपाय नाही. आणि ज्याची मजुरी दोन-दोन आठवडे थकली आहे त्याच्याशी गोड बोलून कोचिंग करू पाहणाऱ्या मालकाबद्दल काय बोलावे!

आपल्यापैकी ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी सगळा कारखाना एकदम बदलायला जाऊ नये. एक जॉबर आणि दोन माग निवडावेत. कपातीचा नवा नियम पाळी सुरू होताना सर्वांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगावा. मुनीमजींकडून निरोप पाठवू नये. पहिला कारागीर दोष घेऊन येईल तेव्हा सारा कारखाना शेठच्या चेहऱ्याकडे पाहत असेल.