पाणी नितळ आहे, पण मासे कुठे आहेत?

ग्रीसचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. एक पांढरी बोट, खाली पाणी इतकं नितळ की बोट हवेत तरंगतेय असं वाटावं, आणि तळाच्या वाळूवर तिची सावली. हा फोटो बघून लोक तिकिटं काढतात, दिवसभरासाठी स्वतंत्र बोट ठरवतात, मास्क-स्नॉर्केल चढवून पाण्यात उडी मारतात आणि अर्ध्या तासाने वर येऊन विचारतात, "पण मासे कुठे आहेत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, कारण त्या फोटोचं आणि त्या रिकामेपणाचं कारण एकच आहे. पाणी नितळ आहे, म्हणूनच मासे कमी आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. ग्रीसच्या किनाऱ्याने स्वतंत्र बोट करून फिरणं ही पैसा वसूल गोष्ट आहे. पण ती ठरवताना आपण भलतंच काही विचारत बसतो. जेवणात काय? वाइन आहे का? किती ठिकाणं दाखवणार? खरं म्हणजे एवढंच विचारायला हवं, की बाबा रे, नांगर कुठे टाकणार आहेस?

हे काय खूळ, असं वाटेल. जरा सविस्तर सांगतो.

आम्ही गेलो होतो मिलोस बेटावर, जूनमध्ये. (जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि तो जोरात असला की बोटी बंदरातच बांधून ठेवतात. तेव्हा जून किंवा सप्टेंबर बरा.) मिलोस म्हणजे तेच बेट जिथे १८२० साली व्हीनसचा तो हात तुटलेला पुतळा सापडला. पुतळा आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. बेट ज्वालामुखीचं. अदामांतास बंदरातून निघून पश्चिमेच्या किनाऱ्याने खाली गेलं की कड्यांचे रंग बदलत जातात, लाल, पिवळे, राखाडी, आणि नैऋत्य कोपऱ्यात क्लेफ्तिको येतं. पांढऱ्याशुभ्र दगडाच्या कमानी, गुहा, समुद्रातून सरळ वर आलेले सुळके. नावातच चोर आहे, ग्रीकमध्ये 'क्लेफ्तिस' म्हणजे चोर. एकेकाळी चाचे इथे लपायचे म्हणे. आता दुपारी बारा वाजता इथे कोणी लपू शकणार नाही, कारण पर्यटकांच्या बोटींची रांग लागलेली असते.

सौंदर्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते फोटोत येतं. फोटोत येत नाही ते सांगतो.

भूमध्य समुद्र हा मुळात गरीब समुद्र आहे. तिथे जेवढं पाणी पावसाने आणि नद्यांनी येतं त्यापेक्षा जास्त उन्हाने उडून जातं. ही तूट भरून काढायला अटलांटिकचं पाणी जिब्राल्टरच्या चिंचोळ्या दारातून आत येतं. पण येतं ते वरवरचं पाणी, ज्यातली पोषकद्रव्यं आधीच बरीचशी संपलेली असतात. आत येऊन ते आणखी खारट, जड होतं, खाली बसतं आणि तळाकडून त्याच दारातून परत बाहेर जातं. जाताना समुद्राच्या खोल भागात साठलेली पोषकद्रव्यं घेऊन जातं. म्हणजे पुढच्या दाराने ताक आत आणि मागच्या दाराने लोणी बाहेर! पूर्वेला, ग्रीसपर्यंत पोचेपर्यंत त्या ताकातही फारसा दम उरत नाही. पोषण नाही म्हणून पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे प्लवक, कमी. प्लवक कमी म्हणून पाणी काचेसारखं. आणि प्लवक कमी म्हणून त्यावर जगणारे मासेही कमी. (मीठ मात्र भरपूर. महासागरात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, तर इथे ३९च्या आसपास. त्यामुळे ज्यांना धड पोहता येत नाही तेसुद्धा छान तरंगतात. मी त्यांच्यातलाच.)

परत आल्यावर फोटो बघून मेहुणा म्हणाला, "भावोजी, आपल्या मालवणला असं पाणी कधी बघायला मिळणार?" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता उत्तर तोंडपाठ आहे. मिळणार नाही, आणि मिळू नये. आपला अरबी समुद्र पावसाळ्यात खालून वर ढवळला जातो, नद्या सह्याद्रीची माती आणून ओततात, आणि त्या गढूळ दिसणाऱ्या पाण्यातूनच बांगडा आणि तारली आपल्या ताटात येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना चार-पाच हातांपलीकडचं दिसत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. अहो, ते सूप आहे! सुपातून आरपार दिसावं असा हट्ट कशाला? पाणी गढूळ म्हणजे घाण आणि नितळ म्हणजे निरोगी, हे आपण पोहण्याच्या तलावावरून शिकलोय. समुद्राला ते लागू नाही. (आपल्या किनाऱ्यावर खरी घाणही आहे, सांडपाणी आहे, प्लास्टिक आहे. त्याचं समर्थन करत नाहीये. पण माती आणि प्लवक म्हणजे घाण नव्हे.)

असो. तर मग ग्रीसच्या त्या गरीब समुद्रात जे काही जगतं ते कशावर? इथे ते गवत येतं.

पोसिडोनिया. समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून. हे शेवाळ नाही, चांगली मुळं, पानं, फुलं, फळं असलेली वनस्पती आहे, आणि तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रातच उगवते. पाणी नितळ असल्यामुळे ऊन खोलवर पोचतं, त्यामुळे चाळीस मीटरपर्यंत खालीही तिची कुरणं असतात. म्हणजे ज्या नितळपणामुळे वरचं पाणी उपाशी, त्याच नितळपणामुळे तळाला हे कोठार. माशांची पिल्लं यात लपतात, ऑक्टोपस यात शिकार करतात, वाळू यामुळे जागेवर राहते. हे गवत आडवं पसरतं ते वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. आज जे कुरण तुमच्या पायाखाली दिसतं ते काही ठिकाणी हजारो वर्षांचं असतं.

आणि वरून, बोटीतून हे कसं दिसतं? काळे डाग. फोटोत नको असलेले. किनाऱ्यावर वाळलेल्या पानांचे ढीग येतात तेव्हा तर पर्यटक तक्रार करतात की बीच साफ केलेला नाही.

आमच्या पहिल्या दिवसाच्या कप्तानाने नांगर टाकला तो नेमका अशा काळ्या डागात. क्लेफ्तिकोला जागा मिळेना, दोन बोटींच्या मध्ये घुसायचं होतं, त्याने घुसवली. आम्ही पाण्यात तासभर डुंबलो. निघताना नांगर वर आला तेव्हा त्याला हिरव्या पात्यांचा मुळांसकट झुबका लटकला होता, गादीचा कापूस उसवावा तसा. त्याने पायाने तो ढकलून पाण्यात टाकला आणि हसून म्हणाला, "गवत आहे."

एका नांगराने काय होतं? काहीच नाही. पण एकाच जागी, मे ते ऑक्टोबर, रोज, रांगेने? वर्षाला काही सेंटीमीटर वाढणाऱ्या गोष्टीचं गणित करायला फार हुशारी लागत नाही. स्पेनच्या बॅलिआरिक बेटांनी २०१८ साली नियमच केला की या गवतावर नांगर टाकायचा नाही, बोट लहान असो की मोठी. फ्रान्सने २०१९ नंतर मोठ्या याटींना आवर घातला. ग्रीसने २०२४ मध्ये आयोनियन आणि एजियन समुद्रात दोन नवी सागरी राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली आणि समुद्राचा तळ खरवडणारी ट्रॉलर मासेमारी २०३० पर्यंत सगळ्या संरक्षित क्षेत्रांतून बंद करू असं सांगितलं. चांगलंच आहे. पण कायदा अथेन्समध्ये होतो आणि नांगर पडतो क्लेफ्तिकोमध्ये. तिथे कप्तानावर लक्ष ठेवणारे फक्त आपण असतो, त्याला पैसे देणारे.

गुहांचंही तेच. स्वतंत्र बोटीचं मोठं आकर्षण म्हणजे 'जिथे कोणी जात नाही अशा गुहेत पोहत जाणं'. भूमध्य समुद्रातला मंक सील हा प्राणी पूर्वी उघड्या वाळूवर पिल्लं घालायचा. माणसाच्या वर्दळीला कंटाळून तो गुहांमध्ये गेला. आज जगभरात मिळून हजाराच्या आत उरलेत, त्यातले बरेच ग्रीसमध्ये, आणि मिलोसच्या शेजारचं पोलिएगोस हे निर्जन बेट त्यांचं माहेरघर मानतात. म्हणजे किनारा आपण घेतला, ते गुहेत गेले, आणि आता आपण दिवसाला शेकडो युरो मोजून त्या गुहेत जाणार. 'खासगी' हा शब्द या सहलींच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. खासगी कोणासाठी, हे कोणी विचारत नाही.

बरं, ग्रीसमध्ये समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे. आरामखुर्च्या मांडून अख्खा बीच अडवणाऱ्यांविरुद्ध २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरच्या लोकांनी 'टॉवेल आंदोलन' केलं. साधे टॉवेल घेऊन लोक वाळूवर बसायला निघाले. पुढच्याच वर्षी सरकारला बीचचा बराच भाग मोकळा ठेवण्याचा कायदा करावा लागला. जमिनीवरच्या किनाऱ्यासाठी लोक भांडले कारण तो डोळ्यांना दिसतो. पाण्याखालच्या कुरणासाठी टॉवेल कोण अंथरणार?

यावर कोणी म्हणेल, मग जाऊच नये का? जावं की. मी गेलोच ना, आणि पुन्हा जाईन. बोटीशिवाय हा किनारा कळत नाही. १३,००० किलोमीटरहून लांब किनारा आहे, त्यातला कितीतरी भाग रस्त्याने गाठताच येत नाही. ग्रीसमध्ये तीस अश्वशक्तीपर्यंतची छोटी बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते, अर्ध्या तासाचं शिक्षण आणि चल म्हणतात. पण ज्याला नांगराची आणि वाऱ्याची सवय नाही त्याने तांडेल सोबत घ्यावा हे माझं ठाम मत. प्रश्न तांडेल कोणता निवडायचा एवढाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलोनियाहून पोलिएगोसला गेलो, ते एका कायकीने. कायकी म्हणजे तिथली पारंपरिक लाकडी बोट, हाताने बांधलेली, रंगीत. मासेमारी कमी करायची म्हणून युरोपियन संघाने मच्छीमारांना परवाना परत करण्यासाठी अनुदान दिलं, आणि परवान्याबरोबर बोटही मोडून टाकायची अशी अट घातली. १९९० च्या दशकापासून अशा दहा हजारांहून अधिक बोटी बुलडोझरखाली गेल्या. हेतू चांगला होता, नाही असं नाही. पण जाळं हाताने ओढणारी ही बोट मोडून समुद्र कितपत वाचला याबद्दल मला शंका आहे. आपल्याकडे रापणकर आणि पर्ससीनवाले यांचं जे भांडण चालतं ते आठवतं.

आमच्या कप्तानाच्या वडिलांची ही बोट. साठीचा माणूस. त्याने अनुदान घेतलं नाही, बोट प्रवासी वाहतुकीकडे वळवली. मी म्हटलं, "मासेमारीची आठवण येते का?" तो म्हणाला, "मासे होते तेव्हाची येते."

पोलिएगोसला पोचल्यावर त्याने इंजिन मंद केलं, पुढच्या टोकावर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिला. आम्हाला वाटलं काहीतरी बिघडलं. त्याने बोट थोडी मागे घेतली, मग बाजूला, आणि एका फिकट, जवळजवळ दुधी दिसणाऱ्या चौकोनात नांगर सोडला. फिकट म्हणजे वाळू, गडद म्हणजे गवत, इतकं सोपं आहे ते. मग उजवीकडची गुहा दाखवून म्हणाला, तिकडे जायचं नाही. का, ते सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मी वाळूवरून पोहत गवताच्या कडेपर्यंत गेलो. आधी काहीच दिसलं नाही, नुसती हिरवी पाती एका लयीत डावीकडे जायची, मग उजवीकडे. हातपाय न हलवता तसाच पडून राहिलो. पाचेक मिनिटांनी सोनेरी पट्ट्यांच्या सालेमा माशांचा थवा आला, पन्नास-साठ तरी असतील, माना खाली घालून गाईंसारखे चरत. खाताना पात्यांचा होणारा आवाज मला ऐकू येत होता, की तो माझ्या स्नॉर्केलचा होता, सांगता येत नाही. बायको बोटीवरून हाका मारत होती, जेवण वाढलंय म्हणून. मी हात वर करून थांब म्हटलं.