टॉवरची डुलकी

रात्री तीनला गाव गाढ झोपलेलं असतं, तरी वेशीबाहेरचा मोबाइल टॉवर वीज खातच असतो. ‘मी इथे आहे’ अशी हाळी त्याला सतत द्यावी लागते. ४जीत ती दर मिलिसेकंदाला, ५जीत साधारण दर २० मिलिसेकंदांनी. मधल्या फटीत अ‍ॅम्प्लिफायरला डुलकी काढता येते, आणि टॉवरवरचा सर्वांत खादाड तोच. (तरी भरपूर अँटेनांचं ५जी यंत्र एकूण वीज जुन्यापेक्षा जास्तच ओढतं, हे जाहिरातीत नसतं.) पूर्वी रेडिओ खालच्या खोलीत आणि अँटेना वर असायचा; निम्मी शक्ती कधीकधी जाड केबलमध्येच तापून जायची, शिवाय खोलीला एसी. रेडिओच वर चढवला आणि दोन्ही खर्च आटले. वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरचं डिझेल मात्र हटता हटेना. २०१२मध्ये दूरसंचार विभागाने फर्मान काढलं: ग्रामीण टॉवरांपैकी निदान निम्मे २०१५पर्यंत आणि ७५ टक्के २०२०पर्यंत संकरित विजेवर (अपारंपरिक ऊर्जा आणि ग्रिड मिळून) न्या. कंपन्यांना दटावणं सोपं असतं. पण जनरेटर लागतो तो गावाला वीज देणारी वाहिनी, म्हणजे फीडर, तासन्‌तास बंद पडतो म्हणून, आणि तो फीडर काही मोबाइल कंपनीचा नाही.