सीतेची वेणी

जूनच्या तोंडावर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर मान वर करून चाला! जुन्या झाडाच्या फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गजरा लोंबताना दिसला, की समजा, ती सीतेची वेणी. आपलं रानातलं ऑर्किड. बांडगूळ नव्हे बरं का! झाडाचा नुसता आधार घेते. पावसाचं पाणी पिते हवेतल्या जाड मुळांनी. बी मात्र धुळीएवढं, आणि ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. आसामातल्या मुली हीच फुलं माळून बिहू नाचतात. इथं कुणी वेणी उपटून आणतं, गॅलरीतल्या कुंडीत मातीत खुपसतं. मुळं कुजतात, वेणी मरते. उद्यानातून उपटणं तर गुन्हाच! वादळात मोडलेल्या फांदीवर दिसली, तर वनरक्षककाकांना दाखवा.