फोर बाय फोरचा माज

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो छापून येतो. बर्फाशी आपली ओळख साधारण एवढीच. तरी डिसेंबर लागला की एमएच पाटीच्या गाड्या मनालीकडे निघतात, आणि तिथे गाडी घसरून आडवी झाली की आतली मंडळी म्हणतात, 'निसर्गापुढे कोणाचं काय चालतं?'

निसर्गाला कशाला मध्ये आणता? बर्फ पडणार हे आधीच माहीत असतं. तो बघायलाच तर तुम्ही गेलेले असता.

साध्या गोष्टी बघा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतायची सवय जुनी आहे. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं आणि रेडिएटर फोडतं, कधी इंजिनचा ब्लॉकसुद्धा. कडक थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिनला जास्त जोर लागतो. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणून तर इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं. नेहमीच्या टायरचं रबर 7 अंशांखाली कडक होत जातं. यातलं काहीही गुपित नाही. रील बघायला लागतो त्याहून कमी वेळात कळतं.

पण जाहिरातीत गाडी बर्फ उडवत शिखरावर जाते ना! मग फोर बाय फोर घेतली की हिमालय खिशात. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, हे खरं. थांबण्याचं काय? ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. उतारावरच्या काचेसारख्या बर्फावर तुमची वीस लाखांची गाडी आणि जुनी अल्टो सारख्याच घसरतात. तुमची जास्त जड, एवढाच फरक.

2022 च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी इथे पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या. किमान 22 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. कित्येक जण गाडीतच गेले. अशा वेळी लोक काचा बंद करून हीटरसाठी इंजिन चालू ठेवतात. बाहेर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजतं, कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नसतो. माणसं झोपतात ती उठत नाहीत. ऊब मिळावी म्हणून चालू ठेवलेली गाडीच जीव घेते.

आपल्याकडेही 2024 च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढलं. आपल्या हौसेसाठी कोणीतरी रात्री बर्फात उभं राहून गाड्या ढकलायच्या, आणि त्याच कोंडीत गावातला पेशंट अडकला तर त्याने काय करायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'पर्यटकांमुळेच त्यांचं पोट भरतं.' मग भरू द्या की! गाडी मनालीत लावा आणि वर जायला स्थानिक ड्रायव्हर घ्या. त्याला चाकांना साखळ्या बांधता येतात आणि सावलीतल्या कोणत्या वळणावर बर्फ वितळत नाही हेही माहीत असतं. त्याची टॅक्सी टाळून स्वतःची गाडी दामटायची आणि वर त्याच्या पोटाच्या गप्पा मारायच्या, हे शोभत नाही.

सरकारही सुटत नाही. बर्फाचा इशारा असेल त्या दिवशी साखळ्या नसलेली गाडी वर जाता कामा नये. रस्ता जेवढ्या गाड्या पेलतो तेवढ्याच सोडाव्यात. बाकीच्यांनी खालूनच परतावं, चिडचिड झाली तरी चालेल.

आणि तरीही अडकलातच, तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने उकरा, इंजिन थोडाच वेळ चालवा, काच बोटभर उघडी ठेवा. व्हिडिओ नंतर काढा.