शिकणारे गुरुजी

विद्या दिल्याने वाढते, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. परंतु ती वाढायची असेल, तर देणाऱ्याने ती घेतही राहिले पाहिजे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. विहिरीतून रोज पाणी उपसले, तरी तिचे झरे जिवंत आहेत तोवर ती आटत नाही; झरे बुजले, की थोड्याच दिवसांत तळ दिसू लागतो. शिक्षकाच्या विद्येचेही तसेच आहे. जो शिक्षक शिकत राहतो, त्याचेच शिकवणे ताजे राहते.

शिक्षकाने नवे साधन हाती घेण्याचा प्रसंग आज प्रथमच आला आहे, असे नाही. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. मग दगडी पाटी आली, छापील पुस्तक आले, भिंतीवर काळा फळा आला, नकाशे व पृथ्वीचा गोल आला. ही साधने आज इतकी परिचयाची झाली आहेत, की तीही एके काळी नवी होती, याची आठवणसुद्धा उरलेली नाही. १९७५ साली तर याहून नवलाची गोष्ट घडली. अंतराळातील एका उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. हा प्रयोग वर्षभर चालला. त्यात शाळेतील मुलांसाठी पाठ होते, तसेच शिक्षकांनी विज्ञान कसे शिकवावे, याचेही पाठ होते. म्हणजे आकाशातून आलेला धडा मुलांनी ऐकला आणि त्यांच्या गुरुजींनीही ऐकला.

आजची साधने मोबाइल, संगणक आणि इंटरनेट यांच्या रूपाने आली आहेत. पाठ्यपुस्तकाच्या पानावर काळ्यापांढऱ्या चौकटींची एक लहानशी आकृती छापलेली असते. तिला क्यूआर कोड म्हणतात. मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरला, की त्या धड्याशी संबंधित चित्रफीत किंवा प्रश्नावली पडद्यावर उघडते. ही आकृती शाळेसाठी जन्मलेलीच नव्हती. १९९४ साली जपानमधील मासाहिरो हारा या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह ती तयार केली, ती मोटारींच्या कारखान्यातील सुट्या भागांची नोंद झटपट ठेवता यावी म्हणून. तिच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्यांवरून कॅमेऱ्याला आकृतीची दिशा कळते. त्यामुळे पुस्तक उलटे धरले, तरी ती वाचता येते. आकृतीचा थोडा भाग मळला अथवा फाटला, तरीही बहुधा तिच्यातील माहिती हाती लागते. मुलांच्या दप्तरात वावरणाऱ्या पुस्तकाला याहून सोयीची खूण कोणती असणार!

परंतु कारखान्यातील ही खूण शाळेत आणली कोणी? सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि त्यामागे कविता, चित्रफिती व स्वाध्याय ठेवले. पुढे महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. तिच्यातील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. ती खूण हजारो लोकांनी पाहिली होती. पण आपल्या वर्गातील मुलांना तिचा काय उपयोग होईल, हा विचार एका शिक्षकाच्या मनात आला. साधन कोठूनही येवो, ते शाळेच्या उपयोगी पडते ते शिक्षकाच्या विचारामुळेच.

येथे कोणी विचारील, की तरुण शिक्षकांना हे सोपे आहे. पण ज्यांनी पंचवीस वर्षे खडू आणि फळा यांवर उत्तम शिकवले, त्यांनी आता या खटाटोपात का पडावे? हा प्रश्न रास्त आहे. अशा गुरुजींची अडचण खरी असते. वर्गात मोबाइल हाती घ्यावा, तर बोट भलत्याच ठिकाणी पडते. चित्र दिसते तर आवाज येत नाही. आवाज आला तर इंटरनेट बंद पडते. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसते. आजवर ज्यांच्या एका नजरेने वर्ग शांत होत असे, त्यांच्या मनाला ते हसणे लागते. ‘आपल्याला हे येत नाही असे मुलांना दिसले, तर आपला मान काय राहील?’ अशी शंका त्यांच्या मनात येते; आणि मग साधन कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावणे त्यांना सोपे वाटते.

परंतु ही शंका निराधार आहे. शिक्षकाचा मान त्याला सर्व काही येते यावर मुळी उभाच नसतो. सर्व काही येणारा मनुष्य जगात झालेला नाही. सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण पाहावे. त्यांचे शिक्षण विवाहानंतर सुरू झाले. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पुढे शिक्षिका होण्याचे शिक्षणही त्यांनी घेतले. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा तेथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्या उशिरा शिकल्या, म्हणून त्यांची थोरवी रतिभरही कमी झाली नाही. उलट, शिकताना काय कष्ट पडतात, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. जो नुकताच अडखळला आहे, त्याला दुसऱ्याचे अडखळणे लवकर समजते.

किंबहुना, गुरुजी वर्गासमोर एखादी नवी गोष्ट शिकतात, तेव्हा एरवी न मिळणारा एक धडा मुलांना मिळतो. न येणारी गोष्ट धीराने कशी करून पाहावी, चुकले तर पुन्हा कसे वळावे, आपल्याहून लहान असलेल्याला विचारण्यात कमीपणा कसा मानू नये, हे सारे मुले त्या वेळी प्रत्यक्ष पाहतात. गणित चुकल्याबरोबर पाटी बाजूला सारणाऱ्या मुलाला ‘प्रयत्न कर’ असे शंभर वेळा सांगून जे कळत नाही, ते गुरुजी तीनदा चुकून चौथ्यांदा यशस्वी होतात, तेव्हा न सांगता कळते.

दुसरा एक आक्षेप याच्या नेमका उलट टोकाचा आहे. काही जण म्हणतात, सारे धडे जर मोबाइलवरच मिळतात, तर शिक्षक हवाच कशाला? २०१७ सालापासून ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर पाठ, प्रश्न आणि चित्रफिती उपलब्ध होऊ लागल्या, ही गोष्ट खरी. परंतु अपूर्णांकांचाच पाठ घ्या. पडद्यावर एका भाकरीचे चार भाग होतात, मग आठ होतात. चित्र सुरेख असते. तरीही एखादा मुलगा एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश मोठा, असे लिहितो; कारण चारापेक्षा आठ मोठे, हे त्याच्या मनात पक्के बसलेले असते. यंत्र त्याला सांगते, ‘उत्तर चूक.’ गुरुजी त्याच्या शेजारी बसतात आणि विचारतात, ‘तुला असे का वाटले, बाळ?’ या एका प्रश्नात शिक्षकाचे सारे काम सामावलेले आहे. साधन चूक दाखवू शकते. चुकीच्या मुळाशी जाऊन मुलाचा हात धरणे, हे माणसाचे काम आहे. म्हणून साधन नाकारणारा शिक्षक जसा विद्यार्थ्यांचे नुकसान करतो, तसाच सारा वर्ग साधनावर सोपवून स्वस्थ बसणाराही करतो.

याहून मोठी एक कसोटी आहे. नवे साधन वर्गातील शेवटच्या मुलापर्यंत पोहोचते की नाही? २०२० साली करोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून देण्याची वेळ आली. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाहणीत असे दिसले, की ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२१ साली ते ६७.६ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी होती; तथापि जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या घरी तेव्हाही तो नव्हता. शिवाय घरी एकच फोन असला आणि तो घेऊन वडील कामावर गेले, तर मुलाने काय करावे?

त्या दिवसांत सोलापूर शहरातील नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुले अंतर राखून त्या भिंतींपुढे उभी राहत, वाचत आणि वहीत उतरवून घेत. पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी वस्त्यांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवण्यात आले. जेथे मोबाइल पोहोचला नाही, तेथे भिंत पोहोचली, आवाज पोहोचला. हे शिक्षक मागासलेले होते, असे कोणी म्हणेल काय? साधन वापरायला शिकणे ही विद्या आहे. ते कोणापर्यंत पोहोचत नाही, हे ओळखणे हा विवेक आहे. शिक्षकाच्या ठिकाणी दोन्ही हवीत.

या कामी विद्यार्थ्यांचेही कर्तव्य आहे. आजच्या मुलांना मोबाइलची ओळख लवकर होते, यात नवल नाही. ज्याला जे आधी आले, त्याने ते दुसऱ्याला सांगावे, ही रीत शाळेत जुनीच आहे. तेव्हा गुरुजींचे बोट चुकले, तर हसण्याऐवजी एखाद्याने उठून, ‘गुरुजी, मी दाखवू का?’ असे नम्रपणे विचारावे. त्याने गुरुजींचा मान राखला जातो आणि विचारणाऱ्याचाही वाढतो. मात्र बटणे चटचट दाबता आली म्हणजे ज्ञान आले, असा गर्व त्याने धरू नये. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट खरी नसते. खरे कोणते आणि खोटे कोणते, हे निवडण्यासाठी त्याला पुन्हा गुरुजींकडेच यावे लागते. अशा रीतीने एकाने बोट कोठे ठेवावे हे दाखवावे, दुसऱ्याने मन कोठे ठेवावे हे शिकवावे. यात दोघांचेही कल्याण आहे.

साधने येतील आणि जातील. धूळपाटी गेली, आजचा मोबाइलही उद्या जुना होईल. परंतु जो शिक्षक आपल्या वर्गातील मुलांसाठी पुन्हा एकदा ‘श्रीगणेशा’ गिरवायला तयार असतो, त्याची शाळा कधीही जुनी होत नाही.