घर रिकामं करणारे हात



रामिन बहरानी या इराणी वंशाच्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘९९ होम्स’ (२०१४) हा चित्रपट आमच्या गटाने गेल्या महिन्यात एकत्र बसून पाहिला. नायक पुरुष, खलनायक पुरुष, भांडण घराच्या मालकीचं. यात स्त्रीप्रश्न कुठे, असं एकीने आधीच विचारलं होतं. मला मात्र चित्रपट संपल्यावर आठवत राहिली ती नायकाची आई, लिन.

गोष्ट फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहराची. २००८ च्या मंदीने बांधकामं ठप्प झालेली. डेनिस नॅश हा बांधकाम मजूर, त्याची आई आणि शाळकरी मुलगा असं तिघांचं घर. कर्जाचे हप्ते थकतात, कोर्ट मिनिटभरात निकाल देतं आणि एका सकाळी पोलिसांना घेऊन रिक कार्व्हर हा घरांचा दलाल दारात उभा राहतो. दोन मिनिटांत हाती लागेल ते घ्या नि निघा! उरलेला संसार मजूर अंगणात आणून टाकतात. लिन घरातच केस कापण्याचा व्यवसाय करायची. म्हणजे तिचं एका सकाळी घरही गेलं आणि पोटापाण्याचं साधनही. चित्रपट इथे फार थांबत नाही, पण आपण थांबायला हवं. पापड, शिवणकाम, खानावळीचे डबे, पाळणाघर हे सगळं जिच्या एका खोलीत चालतं, तिची खोली पाडणं म्हणजे तिचा कारखाना पाडणं. नुकसानीच्या पंचनाम्यात हा रकाना तुम्ही कधी पाहिलात?

पुढे डेनिस आपली चोरीला गेलेली हत्यारं मागायला कार्व्हरकडे जातो आणि त्याच्याच कामाला लागतो. आधी मैल्याने भरलेलं घर साफ करायचं. मग रिकाम्या घरांतले एसी काढून त्यांचं बिल सरकारला लावायचं. मग लोकांची दारं ठोठावून त्यांना बाहेर काढायचं. शेवटी कोर्टात खोटा कागद पोचवायचा. एकेक पायरी इतकी लहान, की कुठल्या पायरीला ‘नाही’ म्हणायचं होतं हे त्याला कळतच नाही. (मायकेल शॅननने कार्व्हर असा उभा केलाय की त्याचा धड रागही येत नाही.) घरं रिकामी करायला बाहेरून गुंड आणावे लागत नाहीत. काल ज्याला बाहेर काढलं तो आज स्वस्तात मिळतो.

पैसा कुठून येतो हे कळल्यावर लिन नातवाला घेऊन भावाकडे निघून जाते. नव्या, तलाव असलेल्या घराला ती भुलत नाही. तिचं कौतुक करूच. पण लिनला जायला भावाचं घर होतं.

ज्यांना ते नसतं त्यांचं काय होतं, हे मॅथ्यू डेसमंड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात अभ्यासलं. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या स्त्रिया तिथल्या लोकसंख्येत ९ टक्के, तर घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंत ३० टक्के. एखाद्या घरातून पोलिसांना वारंवार फोन गेले तर घरमालकाला नोटीस, असाही तिथे नियम होता. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश नोटिसा घरगुती हिंसेच्या फोनमुळे निघालेल्या. बहुतेक मालकांनी केलं काय, तर मार खाणाऱ्या बाईलाच बाहेर काढलं किंवा तशी धमकी दिली. पोलीस तरी बोलवा किंवा छप्पर तरी राखा! याला तडजोड म्हणणंही अन्याय आहे.

हे सगळं लिहिण्याचं कारण आपल्याच दारातलं आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी बिल्डरला रहिवाशांची संमती मिळवावी लागते. पूर्वी ७० टक्के लागे, पुढे ती अट ५१ टक्क्यांवर आणली गेली. संमतीचे कागद घेऊन फिरणारा माणूस बहुधा वस्तीतलाच असतो, काम सुटलेला, घरोघरी चहा प्यायलेला. मी काम करते त्या वस्तीत तो आमच्या महिला मंडळातल्या एका बाईचा नवरा निघाला. तिला मंडळातून काढायचं का, यावर दोन बैठका झाल्या. ‘घरात फ्रीज आला तेव्हा तिने विचारलं नाही का, पैसे कुठले?’ सवाल खोटा नाही. पण असा जाब आपल्यापैकी कितीजणींनी घरात विचारलाय? विचारल्यावर रात्री दाराबाहेर काढलेल्या बायका आपल्याच केंद्रात येतात. राहत्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला खरा, पण संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीची रात्र त्या कायद्यात नाही.

माझं मत मी बैठकीत मांडलं, इथेही मांडते. तिला काढू नये. तिला आपली हेरही करू नये. नवऱ्याच्या कमाईचा खटला बायकोवर चालवायचा, हे तर सासरचे लोक करतातच. संमतीपत्र मात्र मंडळात मोठ्याने वाचलं जावं, ओळ न् ओळ, आणि तोवर कुणी सही करू नये. ते घेऊन येणाऱ्याने, तो कुणाचाही नवरा असो, सगळ्यांसमोर उत्तरं द्यावीत.

दुसऱ्या बैठकीला ती आली नाही. तिसरी येत्या रविवारी आहे. तिची तयारी असेल तर तिच्याच घरी बसावं, असं मी सुचवलंय. दोघींचा याला सक्त विरोध आहे. तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर तुम्ही काय केलंत, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.