संगणक कोणाच्या मालकीचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. तिच्या जागी ‘विंडोज ११’ बसवायची, तर कंपनीने ठरवलेली सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर आवश्यक. परिणामी जगभरातील कोट्यवधी संगणक उत्तम चालत असतानाच एका तारखेस ‘जुने’ ठरले. यंत्र झिजले नव्हते. कंपनीचा त्यातील रस संपला होता. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य विकणाराच ठरवणार असेल, तर घेणारा मालक कसला? तो भाडेकरूच.

हीच रीत साठवणीच्या बाबतीत दिसते. गूगलने २०१५ पासून छायाचित्रांना अमर्याद मोफत जागा दिली आणि १ जून २०२१ पासून ती सवलत बंद केली. आधी सवय लावायची, कुटुंबाच्या आठवणी पेटीत भरून घ्यायच्या आणि मग पेटीचे भाडे मागायचे! आपल्या सावकारांना हा व्यवहार अपरिचित नव्हता.

याला पर्याय नाही, असा समज पसरवला जातो. तो खोटा आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा प्रसिद्ध केला. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे ही चार स्वातंत्र्ये सर्वांना देणाऱ्या या मुक्त सॉफ्टवेअरवर दहा वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक आजही पत्रव्यवहार, हिशेब आणि अभ्यास निर्वेधपणे करतो. लिहिण्यासाठी ‘लिब्रे ऑफिस’ आहे. ‘नेक्स्टक्लाउड’ बसवले, तर कोपऱ्यातील जुने यंत्रच घराची कागदपत्रे व छायाचित्रे सांभाळते.

केरळने हे राज्याच्या पातळीवर करून दाखवले. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २००७ च्या माहिती-तंत्रज्ञान धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला स्थान दिले. सरकारी व अनुदानित शाळांतील संगणक लिनक्सवर आले. निर्णायक ठरले ते शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मलयाळम लिपीसाठी स्वयंसेवकांनी केलेले काम. केवळ चकत्या वाटून हे घडले नसते.

तथापि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजेच समाजवाद, असे मानणे हा भाबडेपणा होय. ज्या मक्तेदारांपासून सुटका हवी, त्यांची अवाढव्य संगणक-केंद्रे लिनक्सवरच चालतात. हजारो हातांनी घडवलेली ही सामाईक संपत्ती त्यांच्या नफ्यास जुंपली गेली, कारण यंत्रे व वीज त्यांच्या मालकीची आहेत. दुसरीकडे, प्रत्येकाने आपल्या घरी आपले यंत्र सांभाळावे, हा सल्ला कारागिराच्या काळातला आहे. डिस्क बिघडते, वीज जाते, प्रत ठेवायची राहते. पाळीतून थकून आलेल्या कामगाराने हे एकट्याने किती निभवावे? जे एकट्याला ओझे, ते दहा जणांना सोपे काम असते.

मराठी लिखाणापुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपला मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत जुळवला जाई. प्रत्येकाची संकेतरचना वेगळी. तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर उमटतात निरर्थक चिन्हे. अशा फाइली उघडण्याचा प्रसंग अनुवादकावर वारंवार येतो. शब्द आपले, श्रम आपले. किल्ली मात्र परक्याच्या हाती! इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेळगावच्या सभासदापर्यंत हा मजकूर जायचा असेल, तर तो युनिकोडमध्ये हवा आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या ‘ओपन डॉक्युमेंट’ या खुल्या स्वरूपात जपला पाहिजे.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे हाती घ्यावीत. भंगारात निघालेला एक संगणक मुक्त प्रणालीवर आणावा. शाखेचे कागद त्यावर ठेवून दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि हे तंत्र एकट्या जाणत्याकडे न राहता किमान तिघांनी, त्यांत महिला कॉम्रेडनी अवश्य, आत्मसात करावे. ज्ञान एका हाती साठले, तर तीही मक्तेदारीच ठरेल.